भिंती कमी, काचा फार

एम-वन हायवेने नॉटिंगहॅमहून शेफिल्डच्या दिशेने निघालं की जंक्शन २९ यायच्या थोडं आधी उजव्या हाताला टेकडीच्या कडेवर एक घर दिसतं. गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला ते दोन-चार सेकंदच येतं, पण शेजारच्या सीटवरच्या माणसाने मोबाईलमधून डोकं वर काढलं तर नीट दिसतं, सहा चौकोनी मनोरे, वर नक्षीची कडा आणि खाली नुसत्या खिडक्या. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक असतं ना, इथे उलटं आहे, खिडक्यांच्या मधे जागा उरली म्हणून थोडी भिंत घातलीय असं वाटतं. घराची ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे त्यामुळे संध्याकाळी ऊन असेल (डर्बीशायरमध्ये ही मोठी अट आहे) तर अख्खी बाजू चमकते.

हे हार्डविक हॉल. इंग्लंडमधली जुनी घरं म्हटली की लोक चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम अशी नावं घेतात, तिथे बसेस भरभरून जातात, कारंजी आहेत, आईस्क्रीम आहे. माझं मात्र हार्डविकवर प्रेम आहे, आणि ते प्रेम सुंदर-बिंदर असल्यामुळे नाही, तर त्या घरामागे एका बाईचं डोकं अगदी स्पष्ट दिसतं म्हणून. इकडे त्या घरावर एक जुनी यमकाची ओळ आहे, 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल'. आणि गंमत म्हणजे उजेडासाठी एवढा खर्च करून बांधलेल्या या घरात तुम्ही आज आत गेलात तर पहिली गोष्ट काय जाणवते, तर अंधार. ब्लाइंड्स खाली ओढलेले, खोल्या मंद. माझं डोकं दर वेळी तिथेच अडकतं.

आधी बाईंबद्दल. एलिझाबेथ हार्डविक, सगळे बेस म्हणतात. जन्म १५२७ च्या आसपास, याच टेकडीवरच्या एका साध्या जमीनदाराच्या घरात, बाप ती तान्ही असतानाच गेला आणि घरची स्थिती बेताचीच. पुढे चार लग्नं केली. पहिला नवरा पोरगेलासाच होता, लवकर गेला. दुसरा सर विल्यम कॅव्हेंडिश, हा आठव्या हेन्रीच्या काळात मठ खालसा करायच्या सरकारी कामात होता आणि त्यात त्याने स्वतःचंही भलं करून घेतलं, बेसची मुलं सगळी याचीच. तिसरा सर विल्यम सेंट लो. आणि चौथा जॉर्ज टॅलबट, अर्ल ऑफ श्रूजबरी, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात गब्बर माणसांपैकी एक. स्कॉटलंडची राणी मेरी जवळजवळ पंधरा वर्षं याच नवरा-बायकोच्या ताब्यात नजरकैदेत होती, तिच्या खर्चापायी आणि बाकीच्या अनेक कारणांनी त्या दोघांचं इतकं फाटलं की १५८४ च्या सुमारास बेसबाई चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या टेकडीवर येऊन राहिल्या. माहेरची जमीन भावाने कर्जात घालवली होती, तो कर्जापायी तुरुंगात गेला आणि १५८१ मध्ये वारला, मग बाईंनी ती सगळी इस्टेट १५८३ मध्ये ९,५०० पौंडांना विकत घेतली. माहेर विकत घेणारी बाई, मला इथेच ती आवडायला लागते.

आपल्याकडचं कुणी सोबत असलं की इथे एक प्रश्न हमखास येतो, 'हा सगळा आपलाच लुटलेला पैसा ना?' इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांबाबत तो प्रश्न रास्त आहे. पण हार्डविक बांधून पूर्ण झालं १५९७ मध्ये आणि ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० ला. हा पैसा इथलाच, इथल्या जमिनीचा, मेंढ्यांचा, शिशाचा, कोळशाचा, नवऱ्यांचा आणि मठांचा. मठांचा तर अगदी डोळ्यांना दिसेल असा. आत लावलेल्या काही मोठ्या कापडी चित्रांत पेनलोपी, लुक्रेशिया, झेनोबिया अशा नावाजलेल्या पतिव्रता आणि राण्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या अंगावरचे जरीचे आणि मखमलीचे तुकडे हे चर्चमधल्या पाद्र्यांचे जुने झगे कापून जोडलेले आहेत. लुटीचं पॅचवर्क म्हणा हवं तर, पण ती लूट आपसातली.

माहेरी आल्यावर बाईंनी आधी जुनंच घर वाढवायला घेतलं, १५८७ पासून. ते आज नवीन घराच्या समोर पडक्या अवस्थेत उभं आहे, छप्पर नाही, वरच्या मजल्यावर प्लास्टरचे दोन धिप्पाड राक्षस अजून भिंतीला चिकटून पाऊस खातायत. ते काम चालू असतानाच १५९० मध्ये अर्ल वारला, बाईंच्या हातात पैसा आला, आणि तिने जुनं काम संपायची वाटही न बघता शंभर पावलांवर दुसऱ्या घराचा पाया घातला. दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालू! वय साठीच्या पुढे. आपल्याकडे या वयात बायकांना लोक विचारतात की आता फ्लॅट कुणाच्या नावावर करणार. ४ ऑक्टोबर १५९७ ला ती नव्या घरात राहायला गेली तेव्हा सत्तरीला टेकली होती. जुनं घर पाडलं नाही, पाहुणे आणि नोकरमाणसं तिथे ठेवायला उपयोगी पडलं.

नव्या घराचा आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. हा मूळचा गवंडी, लाँगलीट या मोठ्या घराच्या कामावर होता, नंतर नॉटिंगहॅमजवळचा वोलाटन हॉल त्याने केला. तेव्हा आजच्यासारखा आर्किटेक्ट नावाचा धंदा इंग्लंडमध्ये धड नव्हताच, हार्डविकच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत त्यात गवंड्यांची नावं आहेत, जॉन आणि ख्रिस्तोफर ऱ्होड्स हे भाऊ, प्लास्टरवाला अब्राहम स्मिथ, संगमरवराचं काम करणारा थॉमस ॲकर्स, आणि पानापानावर बाईंची सही, पण स्मिथसनचं नाव जेमतेम डोकावतं. त्याची ड्रॉइंग्ज मात्र लंडनला आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेत जपून ठेवली आहेत आणि त्यात हार्डविकशी जुळणारा एक प्लॅन आहे.

त्या प्लॅनमध्ये एक चाल आहे, आणि ती कळली की घर एकदम उलगडतं. त्या काळापर्यंत इंग्लंडमधल्या मोठ्या घरात मुख्य दालन, म्हणजे हॉल, हा घराच्या लांबीला समांतर असायचा. दारातून शिरायचं ते हॉलच्या एका टोकाला, लाकडी पडदीच्या मागच्या बोळात, मग वळून हॉलमध्ये. त्यामुळे बाहेरून बघितलं तर दरवाजा कधी बरोबर मधे येत नसे, घर एका बाजूला कललेलं दिसायचं, आणि कितीही सजवा, समतोल काही जमायचा नाही. हार्डविकमध्ये हॉल नव्वद अंशात फिरवला. समोरून सरळ मागे, घराच्या आरपार. दार मधोमध आलं, दाराच्या डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे, आणि ज्या हॉलमध्ये पूर्वी मालक सगळ्या लवाजम्यासकट जेवायला बसायचा तो हॉल आता नोकरांच्या वावराची आणि आल्यागेल्याच्या थांबण्याची जागा झाली. इटलीत पलाडिओ या वास्तुकाराने अशा गोष्टी आधीच केल्या होत्या, छापील पुस्तकांतून ते इकडे पोचत होतं. पण पुस्तकात बघणं वेगळं आणि डर्बीशायरच्या वाऱ्यात ते उभं करणं वेगळं.

दुसरी गोष्ट म्हणजे या घराला पोटात चौक नाही. आपला वाडा आठवा, रस्त्याच्या बाजूला जाड आंधळी भिंत, एक दिंडी दरवाजा, आणि सगळा उजेड, सगळा वारा, सगळं घर आतल्या चौकाकडे तोंड करून. इंग्लंडमधली आधीची मोठी घरंही बरीचशी अशीच, अंगणाभोवती गुंफलेली. हार्डविकने चौक टाकून दिला आणि घर मोजा उलटा करावा तसं बाहेरच्या बाजूला उलटवलं. आत लपवायचं काही नाही, सगळं जगाला दाखवायचं. मनोऱ्यांच्या कठड्यावर दगडात कोरलेली दोन अक्षरं आहेत, ई आणि एस, एलिझाबेथ श्रूजबरी, डोक्यावर मुकुट, आणि ती अक्षरं आरपार पोकळ आहेत म्हणजे खालून बघितलं की त्यांच्यातून आभाळ दिसतं. मनोरा बदलला तरी तीच अक्षरं. घराच्या टेरेसवर स्वतःची इनिशियल्स लावायची हौस आपल्याकडच्या बंगल्यांवर बघून मी नाक मुरडायचे, आता मुरडत नाही, नीट केलं तर शोभतं.

आणि ते मनोरे. बागेतून घराभोवती चालत गेलात तर ते जागा बदलतात. समोरून सहाच्या सहा वेगळे दिसतात, थोडं कोपऱ्याकडे सरकलं की दोन-दोन एकमेकांच्या मागे जातात, बाजूने बघितलं तर सगळे एकत्र येऊन किल्ल्यासारखा गठ्ठा होतो. घर आहे तिथेच आहे, एकही वाकडी रेष नाही, नक्षीही फार नाही, पण चालणाऱ्याला दर पन्नास पावलांवर नवीन आकार मिळतो. वोलाटन त्याच माणसाचं, आधीचं, मी त्याच्या जवळच राहते त्यामुळे ते रोजच्या चालण्यातलं, पण तिथे खांब, पुतळे, वेलबुट्टी इतकी आहे की डोळ्याला उसंत नाही. हार्डविकमध्ये स्मिथसनला कुठे हात आवरायचा हे कळलेलं दिसतं. किंवा बाईंनी बिलं बघून आवरायला लावलं असेल.

आता काचा. त्या काळात काच ही चैनीची वस्तू होती. लाकूड जाळून भट्टी, त्यात वाळू आणि झाडापाल्याची राख, त्यातून निघणारी काच हिरवट, बुडबुड्यांची आणि छोट्या तुकड्यांत. उत्तर इंग्लंडमधल्या आल्निकच्या किल्ल्यात तर १५६७ मध्ये असा सल्ला लिहून ठेवलेला आहे की मालक मुक्कामाला नसतील तेव्हा खिडक्यांच्या काचा काढून ठेवाव्यात, वाऱ्याने खराब होतात. म्हणजे चांदीच्या भांड्यांसारख्या काचा काढून कुलपात! अशा जमान्यात या बाईने अख्खं घरच काचेचं केलं. म्हणजे गावातल्या सगळ्या लोकांना लांबून, न बोलावता, कळलं पाहिजे की इथे किती पैसा आहे.

जवळ जाऊन एक खिडकी बघा. उंचच उंच, दगडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांनी तिचे खण पाडलेले, आणि प्रत्येक खणात वहीच्या पानापेक्षाही छोटे काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीत बसवलेले. एकही तुकडा शेजारच्याशी अगदी सपाट रेषेत नाही, एक जरा आत झुकलेला, एक जरा बाहेर, शिसं मऊ असतं, चारशे वर्षांत ते थोडं थोडं बसलंय. त्यामुळे बाहेरून बघताना एका तुकड्यात ढग, शेजारच्यात झाडाचा शेंडा, तिसऱ्यात नुसता पांढरा उजेड, आणि आपण एक पाऊल टाकलं की सगळे तुकडे आपापलं चित्र बदलतात. हायवेवरून जी चमक दिसते ती याच्यामुळे, आजची एकसंध काच असती तर ऑफिसच्या बिल्डिंगसारखा एकच झोत आला असता आणि संपलं असतं.

पण एवढ्या काचा लावल्या तर घर उभं कशावर? मला खरं तर सगळ्यात जास्त याचं कौतुक वाटतं. बाहेरच्या भिंतीतली ताकद खिडक्यांनी खाल्ली, मग घराच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक जाडजूड भिंत घातली, आपल्या पाठीच्या कण्यासारखी, आणि शेगड्यांचे धुराचे बहुतेक मार्ग त्या भिंतीत नेले. नाहीतर शेगडी बाहेरच्या भिंतीला असायची, तिच्या धुराड्यासाठी भिंतीचा मोठा तुकडा भरीव ठेवावा लागायचा. धुराडी आत गेली आणि बाहेरची भिंत मोकळी झाली. शिवाय ते मनोरे, ते फक्त शोभेचे नाहीत, बाहेरून घराला टेकू देतात. म्हणजे जे दिसायला चैन वाटतं ते प्रत्यक्षात खांद्याला खांदा लावून काम करतंय.

तरी थोडी लबाडी आहेच. काही खिडक्या खोट्या आहेत. बाहेरून काच, आत धुराडं किंवा भिंत. काही उंच खिडक्यांच्या मागे एक नाही तर दोन बुटके मजले आहेत, बाहेरून पत्ता लागत नाही. समतोल बिघडू नये म्हणून. इकडचे बरेच लोक अशी बंद खिडकी दिसली की लगेच 'विंडो टॅक्स' म्हणतात, पण तो खिडक्यांवरचा कर आला १६९६ मध्ये, बेसबाई जाऊन तोपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती. हा दिखावा मूळचाच.

आत्या साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेले होते. ती गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून खालपासून वरपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, 'अगं, एवढ्या काचा पुसायच्या कोणी?' मी म्हटलं, आत्या, तू वास्तुकला बघ ना जरा. तर म्हणे, 'बघतेय की. वरच्या काचा खालच्यांपेक्षा मोठ्या आहेत, पुसणारीचा जीव घेणार.' आणि तिने सहज जे बघितलं तेच या घराचं व्याकरण आहे.

कारण खिडक्या वर जाताना वाढत जातात. तळमजल्याच्या बुटक्या, तिथे स्वयंपाकघर, कोठ्या, नोकरांच्या खोल्या. पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच, तिथे बाईंचं रोजचं राहणं, जेवण, झोपणं. आणि दुसऱ्या मजल्याच्या सगळ्यात उंच, तिथे मानाचे दरबारी महाल, म्हणजे खरं तर बहुतेक दिवस रिकामे. साधारण घरात वर जाऊ तसं महत्त्व कमी होतं, माळा येतो, अडगळ येते. इथे जितकं वर तितका मान. बाहेर उभं राहून कुणीही सांगावं की कोण कुठे राहतं.

वर न्यायला जिना आहे तो मला त्या घरातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. दगडी, रुंद, पायऱ्या उथळ, काही नक्षी नाही, काही कठड्याचा थाट नाही. तो एका जागी गोल फिरत नाही, घराच्या आत भटकत भटकत वर जातो, मधेच अंधारी पट्टी, मधेच खिडकीचा उजेड, मधेच वळण, आणि आपल्याला कळत नाही की अजून किती. पाहुण्याला मुद्दाम चालवायचं, दमवायचं, आणि मग एका दारातून एकदम हाय ग्रेट चेंबरमध्ये सोडायचं. ताटंही याच वाटेने तळमजल्याच्या स्वयंपाकघरातून मिरवत वर यायची. गरम किती राहत असतील कुणास ठाऊक.

हाय ग्रेट चेंबर म्हणजे दरबार. भिंतीच्या खालच्या भागात ग्रीक महाकाव्यातल्या युलिसिसच्या गोष्टीची विणलेली चित्रं, आणि वर छतापर्यंत रुंद पट्टा प्लास्टरचा, रंगवलेला, त्यात जंगल, हरणं, हत्ती, सिंह, शिकारी आणि मधे देवी डायना आपल्या सख्यांसोबत. डायना म्हणजे अविवाहित देवता, म्हणजे एलिझाबेथ राणीला सलाम. राणी आली नाहीच कधी. पण हे सगळं फक्त तिच्यासाठी होतं असंही वाटत नाही. बेसबाईंची नात अर्बेला स्ट्युअर्ट, हिच्या अंगात राजघराण्याचं रक्त होतं, एलिझाबेथ राणीला मूलबाळ नव्हतं, आणि आजीच्या डोक्यात काय चालू असेल ते सांगायला नको. नातीला मात्र त्या काचेच्या घरात कोंडल्यासारखं झालं, १६०३ च्या सुरुवातीला तिने पळून जायचा प्रयत्न केला, आजीने मृत्युपत्रातून नाव उडवलं. पुढे ती लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत १६१५ मध्ये वारली. गादी स्कॉटलंडच्या जेम्सला मिळाली. खोल्या तशाच राहिल्या, न आलेल्या राणीची वाट बघत, म्हणजे असं मी म्हणते, घराला वाट बघणं वगैरे काही नसतं.

शेजारी लाँग गॅलरी. जवळपास पन्नास मीटर लांब, पावसाळी दिवसात घरातल्या घरात फेऱ्या मारायला. जमिनीवर लव्हाळ्याची विणलेली चटई अंथरलेली आहे, ती सुकून तुटू नये म्हणून तिच्यावर अधूनमधून पाणी शिंपडतात, त्यामुळे त्या खोलीला ओल्या गवताचा वास आहे, राजवाड्याला न शोभणारा पण फार छान. एका भिंतीला छतापर्यंत बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीची तेरा विणलेली चित्रं, फ्लँडर्समध्ये १५७८ मध्ये विणलेली, जवळपास सहा मीटर उंच, सगळी जोडली तर सत्तर मीटर. ती बाईंनी नवीन घेतलेली नाहीत, सेकंडहँड आहेत. राणीचा लाडका सर ख्रिस्तोफर हॅटन कर्जात मेला, त्याच्या वारसाकडून १५९२ मध्ये उचलली. सव्वातीनशे पौंडांच्या वर सौदा ठरला, आणि चित्रांवर हॅटनची कुलचिन्हं विणलेली होती तर ती बदलायला खर्च येणार म्हणून बाईंनी पाच पौंड कापून घेतले. अशी घासाघीस करणारी बाई आपल्या मंडईत शोभली असती. नंतर काय केलं तर रंगवलेल्या कापडाचे तुकडे वरून शिवून टाकले. हॅटनचं चिन्ह होतं हरिणी, हार्डविकचं होतं शिंगांचा नर हरीण, मग त्या हरिणीच्या डोक्याला शिंगं लावली, काम झालं. एका आजोबा स्वयंसेवकाने छोटा टॉर्च मारून ते मला दाखवलं, शिंगांचा रंग अंगापेक्षा वेगळा आहे आणि शिंगं डोक्यातून उगवल्यासारखी नाही, टोपीसारखी ठेवल्यासारखी दिसतात. चारशे वर्षांपूर्वीचं स्टिकर.

टॉर्च का लागला, तर तिथेच तो अंधार.

हे घर थंड होतं, आजही आहे. इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनने पुढे १६२५ मध्ये घरबांधणीवर लिहिताना तक्रार केली आहे की काही सुंदर घरं काचांनी इतकी भरलेली असतात की ऊन आणि थंडीपासून पळून कुठे जावं तेच कळत नाही. त्याने हार्डविकचं नाव घेतलेलं नाही, पण घ्यायची गरज नव्हती. बेसबाईंनी १६०१ मध्ये घरातल्या सामानाची यादी करून ठेवली, ती शिल्लक आहे, आणि त्या यादीत खिडक्यांवर टांगायला जाड पांघरुणं आहेत, दारांवर टांगायला आहेत, बाईंच्या स्वतःच्या पलंगावर तर ब्लँकेटांचा ढीग. म्हणजे आधी जगाला दाखवायला काचा लावल्या, आणि मग रात्री त्याच काचांवर गोधड्या टाकून बाई आत गुरफटून बसल्या. मला यात तिचा पराभव वगैरे अजिबात दिसत नाही. तिला माहीत होतंच, डर्बीशायरमध्ये जन्मलेली बाई होती ती. बाहेरून दिसायचं ते एक आणि आत जगायचं ते एक, दोन्हीचा तिने वेगवेगळा हिशेब ठेवला.

ती १३ फेब्रुवारी १६०८ ला गेली, कडाक्याच्या हिवाळ्यात. दंतकथा अशी सांगतात की तिचं बांधकाम चालू असेपर्यंत ती मरणार नाही असं भविष्य होतं, आणि त्या थंडीत चुना गोठला, गवंड्यांचे हात थांबले. डर्बीच्या कथीड्रलमध्ये तिची कबर आहे, ती सुद्धा तिने जिवंतपणीच करून घेतली होती, कंत्राट दुसऱ्याच्या हातात देणाऱ्यातली नव्हती.

पुढचं घराचं नशीब विचित्र. मुलाचे वंशज ड्यूक ऑफ डेव्हनशायर झाले आणि त्यांचा मुख्य संसार चॅट्सवर्थला गेला, जे बेसने दुसऱ्या नवऱ्याबरोबर सुरू केलं होतं. चॅट्सवर्थ दर पिढीने फॅशनप्रमाणे पाडलं, वाढवलं, बदललं, बेसच्या हातचं तिथे आता बाहेरून काही ओळखू येत नाही. हार्डविक मात्र जुनाट म्हणून बाजूला पडलं, आणि बाजूला पडलं म्हणून वाचलं. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स, या घराण्याचा जुना शिक्षक, १६७९ मध्ये इथेच वारला. सहावे ड्यूकही इथेच, १८५८ मध्ये. मग १९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक गेले आणि सरकारने ८० टक्के वारसा कर लावला, तो भागवायला बरंच काही द्यावं लागलं, त्यात हार्डविक १९५९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. तिथे शेवटपर्यंत राहिलेल्या म्हाताऱ्या डचेस एव्हलिन स्वतः सुई-दोरा घेऊन ती जुनी कापडं दुरुस्त करत बसायच्या.

आणि त्या कापडांसाठीच आता अंधार. रेशीम आणि लोकर उजेडाने मरतात, रंग उडतो, धागा कुरकुरीत होतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने तुटतो. उडालेला रंग परत आणता येत नाही, सगळी दुरुस्ती धाग्यांची. जुन्या कापडांसाठी संग्रहालयात ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवायचा असा दंडक आहे, म्हणजे आपल्या घरातल्या संध्याकाळच्या बेडरूमइतका, आणि इथे समोर आहेत दोन पुरुष उंचीच्या खिडक्या. मग ब्लाइंड्स, पडदे, उजेड मोजायची यंत्रं. गिडियनची तेरा चित्रं एकेक करून बेल्जियमला नेऊन धुतली, मग इकडे आणून टाके घातले, हे काम २४ वर्षं चाललं, १७ लाख पौंड लागले, आणि २०२३ मध्ये शेवटचं चित्र परत भिंतीवर चढलं. एवढं झाल्यावर पडदे उघडा म्हणणारा माणूस वेडाच ठरेल.

तरी मी म्हणते. सगळे नाही, रोज नाही. पण त्या गॅलरीच्या खिडक्यांवरचे ब्लाइंड्स वर्षातून एका दुपारी, चित्रांवर तेवढ्यापुरता कापडाचा पडदा टाकून, वर घ्यावेत, तिकीट हवं तर दुप्पट लावा. कारण वास्तू म्हणून बघितलं तर हार्डविकमधली सगळ्यात महागडी वस्तू ती चित्रं नाहीतच, तो उजेड आहे, त्याच्यासाठी कण्याची भिंत घातली, धुराडी आत नेली, मजले उंच केले, लोकांना जिना चढवला. आपण आज चढून वर पोचतो आणि बाईंनी ज्याचे पैसे मोजले ते सोडून बाकी सगळं बघून येतो. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'आधी विचार त्यांना, पुसल्यात का त्या.'